मंडईतलं हळदीकुंकू

"दिवसभरात पाणी किती पिता?" डॉक्टरांनी आक्काला विचारलं, आणि आक्का माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

मग मीच सांगितलं. सकाळी मंडईत निघताना चहा, तोही कपाच्या बुडाला लागेल एवढाच. मग संध्याकाळी माल आवरून घरी गेलं की तांब्याभर पाणी. मधे घोटभरसुद्धा नाही, वैशाख असला तरी नाही. डॉक्टर तरणे होते, आमच्या तांबेगावात नुकतेच आलेले. म्हणाले, अहो पण का? आता ह्या 'का'चं उत्तर परक्या पुरुषमाणसाला कसं द्यायचं? आक्का गुडघ्यावरचं लुगडं सारखं करत बसली. शेवटी मी खाली बघून म्हटलं, मंडईत बायकांना जायला जागाच नाही. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. डोक्यात उजेड पडला असावा.

"अनसूयाबाई, दोन्ही मूत्रपिंडांना सूज आहे," ते म्हणाले. "एक तर भरपूर पाणी प्या, नाहीतर मंडई सोडा. दोन्हींतलं एकही केलं नाहीत, तर पुढच्या वर्षी तुम्ही मंडईत नसाल आणि घरातही नसाल."

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आधीच विधवा होती. नवरा गेल्यावर माहेरी न जाता तिनं भाजीची पाटी डोक्यावर घेतली, मंडईतल्या कट्ट्यावर स्वतःच्या नावानं जागा मिळवली आणि धाकट्या दिराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पोरासारखं वाढवलं. मला तर तिनं सगळंच शिकवलं. मेथीची जुडी कशी बांधायची, फुकट कोथिंबीर मागणाऱ्याला हसत कसं परतवायचं, सगळं. घरात तिचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. ती त्या कट्ट्यावर बसली की तिच्या अंगात वेगळंच तेज यायचं, घरात ती तशी कधी दिसायची नाही.

वाटेत मी म्हटलं, सोड आता मंडई, मी एकटी बघते. तर ती रस्त्यातच थांबली.

"सोडून काय करू? घरात बसून तुझ्या हातचं खाऊ व्हय?"

"का, माझ्या हातचं कडू लागतं?"

"कडू न्हाई गं. पर मला वाढून घ्यायची सवय न्हाई. मला मंडईतनंच उचला."

ते ऐकून माझं काळीज हललं, खोटं कशाला बोलू. आणि लगेच रागही आला. आक्काचा नाही, नगरपालिकेचा.

आमच्या मंडईच्या कोपऱ्यात पूर्वी बायकांसाठी पत्र्याचं दार असलेलं एक होतं. घाण होतं, पण होतं. नवीन बांधतो म्हणून नगरपालिकेनं ते पाडलं आणि मग विसरून गेली. पुरुषांचं काय अडतंय, त्यांना भिंत दिसली की झालं. बायका आडतीच्या गोदामामागं, दोन ट्रकांच्या फटीत जायच्या. एकीनं बसायचं, दोघींनी लुगडं आडवं धरायचं. एकदा आक्का बसलेली असताना एक दारुडा ट्रकाखालून वाकून बघत हसला. त्या दिवसापासून ती गेली नाही. जायचं नाही म्हणजे प्यायचं नाही, असा सरळ हिशोब तिनं स्वतःशी केला आणि कुणाला बोलली नाही.

आम्ही अर्ज केले नाहीत असं नाही. पण अर्जात लिहायचं काय? आमच्यातली कुणी तो शब्द कागदावर घालायला तयार नव्हती. मग 'महिला विक्रेत्यांची गैरसोय' असं लिहायचो. नगरपालिकेतले म्हणायचे, तुमच्या नगरसेविकेमार्फत या. नगरसेविका होत्या शैलजाताई नलवडे. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा हिंदूराव नलवड्यांनी बायकोला उभं केलं, निवडून आणलं आणि कारभार आपल्याच हातात ठेवला. फलकावर नाव ताईंचं, फोटो दोघांचा, खुर्चीत हिंदूराव, म्हणजे सगळ्यांचे भाऊ.

बंगल्यावर गेलं की भाऊच पुढं यायचे. माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचा. काय अडचण आहे म्हणायचा. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसायचो आणि म्हणायचो, गैरसोय होते भाऊ. कसली गैरसोय? बायकांची. पुढं कुणाच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. ताई आतून चहाचा ट्रे पाठवायच्या, दाराच्या पडद्याखाली त्यांची पावलं तेवढी दिसायची. "ताईंना सांगतो," म्हणून भाऊ आम्हाला वाटेला लावायचे. पंधरवड्यानं मंडईत सिमेंटचा बाक आला, पाठीवर हिंदूरावांचं नाव. बायकांची गैरसोय म्हणजे बसायची गैरसोय, असं त्यांनी धरलं. भाजीवालीला बाक! आम्ही दिवसभर बसूनच असतो की.

आणि डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात बातमी आली. त्या कोपऱ्यात गाळे निघणार होते. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येणार आणि हात वर करून मंजूर होणार. गाळे एकदा उभे राहिले की ती जागा कायमची गेली. मंडईत दुसरी मोकळी जागा नव्हती.

माझ्या शेजारी फळं विकायची हमीदाबी बागवान. तोंडानं फटकळ, मनानं सोनं. मी तिला म्हटलं, ताईंना एकटीला गाठायला पाहिजे, बाईचं बाईला कळेल. ती म्हणाली, कुठं गाठणार? तो माणूस तिला दळणाला तरी एकटी सोडतोय का? मी दिवसभर विचार करत होते. जिथं नवरा बरोबर येऊच शकत नाही अशी जागा कुठली? आणि मला एकदम सुचलं. चैत्र चालू होता. बंगल्यावरच्या बायका चैत्रातलं हळदीकुंकू करतात, पन्हं आणि वाटली डाळ देतात. आमच्यात ती पद्धत नाही. पण नाही म्हणून करू नये असं कुठं आहे?

हमीदाबीनं पाटीभर कैऱ्या काढून दिल्या. पैसे घेईना. म्हणाली, "पन्हं आक्काच्या हातचं पाहिजे." मला हेच पाहिजे होतं. विधवेनं हळदीकुंकवात पुढं यायचं नाही, असं आक्का स्वतःच म्हणायची. मी तिला सांगितलं, तू नसशील तर मी काही करत नाही. ती म्हणाली, मी पातेल्यापाशी बसंन, कुंकवापाशी न्हाई. बरं म्हटलं.

मंडईला सुट्टीचा वार असतो, त्या दिवशी दुपारी आम्ही कट्टा धुतला, सतरंज्या टाकल्या, रांगोळी काढली. ताईंना मानाचं बोलावणं होतं, त्यामुळं भाऊ जीपमधनं स्वतः सोडायला आले. आले ते आले, चपला काढून सतरंजीवर टेकायलाच लागले. हमीदाबी पुढं झाली.

"बसा की भाऊ," ती म्हणाली. "पर बसला तर तुमची बी ओटी भरावी लागंल."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. पाच वाजता गाडी पाठवतो म्हणाले आणि गेले. मी मनाशीच म्हटलं, द्वारके, अर्धी लढाई जिंकलीस.

शैलजाताई चाळिशीच्या असतील. काठापदराची साडी, नीट चापूनचोपून. बोलणं इतकं हळू की कान जवळ न्यावा लागे. हळदकुंकू झालं, अत्तर झालं, हरभऱ्यांनी ओटी भरली. आक्कानं पन्ह्याचा पेला आणून दिला. ताईंनी घोट घेतला आणि त्यांचा चेहराच उजळला. गूळ, वेलदोडा, किंचित मीठ, माठातलं गार पाणी. आक्काच्या हाताला चव होतीच. पेला रिकामा झाला की आक्का भरायची. ताई नको म्हणायच्या, आक्का म्हणायची, उन्हाचं असतं ताई, घ्या, आणि हळदीकुंकवाला नाही म्हणू नये. प्रत्येक बाईनंही आपापल्या हातानं एकेक घोट पाजला. कुणाला नाही म्हणणार?

मी ताईंच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. पाडलेलं सांगितलं, ट्रकांची फट सांगितली, आक्काचं दुखणं सांगितलं. शब्द टाळत टाळतच, पण सांगितलं. ताईंनी मान हलवत ऐकलं. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. आणि शेवटी त्या काय म्हणाल्या?

"मी ह्यांच्या कानावर घालते."

माझं डोकं भणाणलं. एवढा खटाटोप केला, त्या माणसाला बाहेर काढलं आणि फिरून त्याच्याच कानात जाऊन पडलो. मी उठून बाजूला गेले, नाहीतर पाहुणीला काही बोलले असते. बायकांनी उखाणे सुरू केले. उखाणे संपेनात. आक्काचं पातेलंही संपेना.

थोड्या वेळानं ताई चुळबुळायला लागल्या. इकडं बघ, तिकडं बघ, मनगटावरचं घड्याळ बघ. मग मला खुणेनं बोलावून कानात म्हणाल्या, इथं कुठं जवळपास…? मी म्हणणार होते, हमीदाबीचं घर मशिदीमागं आहे, लांब पडतं, पण चला, जाऊन येऊ. तेवढ्यात आक्का पातेल्यापासून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला ताई, मी दावते."

ती त्यांना गोदामामागं घेऊन गेली. आम्हीही गेलो. तिथं दोन ट्रक, खाली चिखल, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. ताई थबकल्या.

"इथं?"

"हितंच," आक्का म्हणाली. "दुसरं न्हाई."

"गाडी बोलवा. मी घरी जाते."

"तुमची गाडी पाचला येणार. आमची येतच न्हाई, ताई."

ताईंना धीर नव्हता. मी आणि हमीदाबीनं लुगडं आडवं धरलं. त्या बसल्या, आणि नेमका पलीकडनं एक हमाल पोतं घेऊन आला. हमीदाबीनं त्याला अशी काही हासडली की तो पोतं टाकून पळाला. पण ताई मधेच उठल्या, साडी सावरली आणि ट्रकाला टेकून रडायला लागल्या. हळूच बोलणारी बाई, रडलीही हळूच. आम्हाला वाईट वाटलं, कुणीच हसलं नाही. मग आक्कानं हमीदाबीला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, लुगडं स्वतः धरलं आणि म्हणाली, बसा आता, मी हाय.

परत कट्ट्यावर आल्यावर ताईंनी हात धुतले आणि आक्काला विचारलं, "तुम्ही रोज इथं येता?"

"मी न्हाई येत," आक्का म्हणाली. "मी पाणीच पीत न्हाई."

ताईंनी आपला रिकामा पेला सतरंजीवर पालथा घातला. गाडी आली तेव्हा जाताना एवढंच म्हणाल्या, सभेला या सगळ्या. संध्याकाळी घरी भांडी घासताना मी आक्काला म्हटलं, पाहुणीला मुद्दाम पाजत होतीस ना गं?

"मग?" आक्का म्हणाली, मान वर न करता. "तू घंटाभर बोलत हुतीस. काय झालं?"

सभेच्या दिवशी आम्ही मंडई अर्धी उघडी टाकून नगरपालिकेच्या सज्जात जाऊन बसलो. नगरपालिका मंडईच्या समोरच, रस्ता ओलांडला की झालं. शिपायानं बजावलं, वर बसणाऱ्यानं बोलायचं नाही, बोललात तर बाहेर. खाली नगरसेवक आणि दाराजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीत हिंदूराव. त्यांची रीत गावाला ठाऊक होती. विषय निघाला की भाऊ तिथनं हात वर करायचे, ते बघून ताई करायच्या. गाळ्यांचा विषय निघाला. भाऊंचा हात वर गेला. बाकीच्यांचे गेले. ताईंचा हात मांडीवरच होता. भाऊ खाकरले. ताई उठून उभ्या राहिल्या. नगराध्यक्ष म्हणाले, काय ताई, भाऊंना काही सांगायचंय का?

"मला सांगायचंय," ताई म्हणाल्या. आवाज तोच, हळू. पण सभागृह एवढं गप्प झालं की वरपर्यंत ऐकू आला. "त्या जागेवर बायकांचं शौचालय होतं. ते आपण पाडलं. आता मंडईतल्या बायका लघवीला कुठं जातात, हे ह्या सभेत कुणाला माहीत आहे का? मला माहीत आहे. मी परवा तिथं जाऊन बसले. माझ्यासमोर माणूस आला. तिथं गाळे होणार असतील तर माझा विरोध आहे, तसं लिहून घ्या."

आम्ही वर्षानुवर्षं जो शब्द गिळला, तो त्यांनी भर सभेत घातला. एक नगरसेवक म्हणाला, सभेत असलं बोलणं शोभत नाही. त्यावर मागच्या बाकावरची दुसरी एक नगरसेविका, जी कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, तिथं बसणं शोभतं का मग?

नगराध्यक्ष मुरलेले होते. म्हणाले, गाळे थांबवू, शौचालयाचा प्रस्ताव आणू. पण अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, एवढं सगळं व्हायला वेळ लागणार. तोवर आहे तसं चालू द्या.

सज्जात माझ्या शेजारून आक्का उठली. मी तिचा पदर ओढला, पण ती बसेना.

"तवर आम्ही हितं येऊ," ती म्हणाली.

शिपाई धावला. नगराध्यक्ष म्हणाले, सज्जातून बोलता येत नाही. ताई वर न बघता म्हणाल्या, "त्या बोलल्या नाहीत असं समजा. मी बोलते. बांधून होईपर्यंत मंडईतल्या बायका ह्या इमारतीतलं बायकांचं वापरतील. माझा ठराव आहे. कुणाचा विरोध असेल त्यानं हात वर करावा."

सज्जा बायकांनी भरलेला आणि सगळ्या मतदार. खाली कुणाचा हात हलेना. एकच हात वर गेला, हिंदूरावांचा. सवयीनं गेला की रागानं, देव जाणे. नगराध्यक्ष म्हणाले, "हिंदूराव, हात खाली घ्या. तुम्हाला मत नाही." सभागृह खो खो हसलं. भाऊ उठून गेले. त्याची किंमत ताईंना घरी मोजावी लागली. कित्येक दिवस नवरा बोलत नव्हता म्हणे. पण नंतरच्या सभांना त्या रिक्षानं यायच्या, एकट्या.

शौचालय पावसाळ्याच्या आत उभं राहिलं. मंजुऱ्या कशा मिळाल्या ते विचारू नका. रोज दिवसभर मुख्याधिकाऱ्यांच्या दारावरून आमची रांग जायची, पाट्या बाहेर ठेवून, मोठमोठ्यानं गप्पा मारत, त्यामुळं सगळ्यांत जास्त घाई त्यांनाच झाली. आक्काची मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. पण डॉक्टरांनी दिलेलं वर्ष गेलं, त्यानंतरची किती गेली, आणि ती अजून कट्ट्यावर बसते.

त्या दिवशी सभा संपली तेव्हा दुपार ऐन भरात होती. ताईंनी शिपायाकडून वरच्या मजल्यावरच्या बायकांच्या शौचालयाची किल्ली घेतली आणि आक्काच्या हातात दिली. आम्ही सगळ्या आनंदानं कालवा करत जिन्यापाशी आलो, मंडईकडं निघालो. आक्का मात्र मागं राहिली. तिथं व्हरांड्यात पाण्याची टाकी होती, साखळीला पेला लावलेली. तिनं पेला विसळला, भरला आणि उभ्या उभ्या प्याली. परत भरला. परत प्याली. भर दुपारी आक्काला पाणी पिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. हमीदाबी माझा दंड धरून तिथंच थांबली होती.

तोंड पुसून आक्का तिथल्याच बाकड्यावर जाऊन बसली, किल्ली मुठीत धरून, ऐसपैस. दारं लावायला आलेला शिपाई म्हणाला, मावशी, सभा संपली, आता कशाला बसलाय?

"बसू दे की बाबा," आक्का म्हणाली. "आत्ताच पाणी प्यालेय."